फसकलास क्षमा

१ ऑगस्ट, शुक्रवार. दुपारी.

आज सात मारले. सात राऊंड, सात मुडदे. लिहून ठेवते, नाही तं समीक्षा म्हनन आई वाढवून सांगते.

समीक्षा माही पोरगी, कॉलेजले जाते. तिनंच हा बंदुकीचा गेम यायच्या, म्हनजे माह्या नवऱ्याच्या, मोबाइलमधे टाकून देल्ला. त्यात एक मोठी म्याच असते. विमानातून उडी मारा, घराघरात घुसून बंदूक धुंडा, मंग अर्धा तास झुडपात बसून राहा. तेवढ्यात माहे दोन वाफे निंदून होतात. मले छोटी म्याच पसंत. चार इकून, चार तिकून, बंदूक सुरुवातीलेच हातात. दोन मिनिटाचा राऊंड, शेवटी ज्याच्याकडचे जास्त जिते राह्यले त्याचा. ज्याचे चार राऊंड पहिले झाले तो जितला. सुरू झाली का मी पळते. बाकीच्या तिघी भिंतीमांगं लपून इशारे करतात. लढाई आहे का लपंडाव? मी सरळ जाते आन गोळी घालते.

आजपासून रोज लिहाचं. रोज पाच तरी मुडदे पाडाचे. घरात रागावाचं नाही. वांग्यावर अळीचा फवारा राह्यला, तो उद्या.


३ ऑगस्ट, रविवार.

आमचा ग्रुप चौघीचा. मी, समीक्षा, सूरजबाई आन सूरजबाईची सून रिंकू. सूरजबाई म्हनजे कांतीलाल शेटजीच्या किराना दुकानाची मालकीन. मानसं जैन. वीस वर्सं झाले, सकाळचा भाजीबाजार उरकला का मी तिच्या दुकानाच्या ओट्यावर जाऊन बसते. फरशी गार लागते म्हनून ती माह्यासाठी बारदान्याची घडी टाकून ठेवते. पहिले आमी तिथी बसून गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढत होतो. आता मुडदे पाडतो. म्हनजे मी पाडते. सूरजबाई एक बी मारत नाही.

बंदूक घेते, खांद्यावर लटकवते आन नुसती धावते. या गेममधे गोळी लागली का मानूस एकदम मरत नाही. रांगते. तेवढ्यात आपल्यातल्या कोनी हात लावला तं उठून उभा होते. सूरजबाईचा तोच धंदा. पडलेल्याजवळ जाऊन बसाचं, त्याले उठवाचं, समोर भिंत उभी कराची.

आज एक जन तिच्याकडं पाठ करून उभा होता. भेदरं, म्हनजे लाल टमाटर, फुटल्यासारखं डोस्कं फुटलं असतं. मी म्हनलं मारलं काहून नाही? तं म्हने, "कार्टूनचा असला तरी माराचा भाव मनात येतेच ना, कस्तुरा. पाप भावाले लागते."

मले एकच भाव माहीत आहे, वांग्याचा. आन तो पडेल आहे.

लाल आकडा: मी ६, समीक्षा ३, रिंकू २, सूरजबाई भोपळा. मले तिची कीव येते. फवारा राह्यला. वारा होता.


५ ऑगस्ट, मंगळवार.

खेळ संपला का दरेकीच्या नावासमोर दोन आकडे येतात. एक पांढरा, एक लाल. वरची अक्षरं इंग्रजी आहेत, पन रंग काही इंग्रजी नाही. लाल म्हनजे रक्त. रक्त म्हनजे मारलेले. पांढरा कायचा ते पाहाले मले टाइम नाही, माह्यासमोर तो शून्यच असते. आज समीक्षा म्हनाले लागली का आई, तो लाल आकडा असा नसते... मी म्हनलं तुह्यासमोर दोनच आहे म्हनून जळू नोको.

डायरीच्या पहिल्या पानावर पूर्न नाव लिहा म्हनते. कस्तुराबाई लिहिलं, इंगोले लिहिलं, मधात जागा सोडली. यायचं नाव मी घेत नाही. सत्तावीस वर्सं झाले, तोंडानं नाही का कागदावर नाही. शाळेत गुरुजी पाटीवर शेरा देत होते. ठीक, बरे, चांगले, आन सगळ्याच्या वरचा जो शेरा, तेच यायचं नाव, समोर राव लावाचं. मी तिसरीलोक गेली. तो शेरा मले कधी भेटला नाही, नवरा भेटला. बोलन्यात तो शब्द आलाच तं मी फसकलास म्हनते. माल फसकलास, तब्येत फसकलास. काही अडत नाही.

याईनं आज मोबाइल मांगला. म्हने माह्या नावानं फोन आला तं? मी म्हनलं तुमाले कोन फोन करते. त्याच टाइमले मले मांगून कोनीतरी घातलं. यायच्याच पायी. याच्यापुढं म्याच चालू असताना घरात कोनी बोलाचं नाही, असं ठरवलं.


१३ ऑगस्ट, बुधवार. सकाळी.

गनपती मंडळानं औंदा बायाची स्पर्धा ठेवली. छोटी म्याचच. आता रांगोळी नाही, संगीत खुर्ची नाही, बंदुका. बबलू मंडळाचा अध्यक्ष आहे, पस्तीस वर्साचा बाप्या, मंडळाची पावती फाडाले आला तवा सांगून गेला. जितनाऱ्या ग्रुपले चार कुकर. आन जी सगळ्यात भारी खेळन तिले वेगळा चषक, हातभर उंच.

कुकर माह्या घरी आहे. चषक कोनाच्याच घरी नाही. बाजारात माह्या बाजूले भुरीबाई टोपलं घेऊन बसते, तिच्याही घरी नाही, आन तिनंही ग्रुप काढला आहे. तो चषक मी फळीवर अशा जागी ठेवीन का रस्त्यानं जाताना भुरीबाईले दिसलाच पाहिजे.

फारमावर ग्रुपचं नाव लिहाचं होतं. मी म्हनलं मूठमाती. सूरजबाई म्हने नाव तं शुभ ठेव वं. मी म्हनलं शुभ लगनाच्या पत्रिकेत असते. मूठमातीच लिहिलं. कॅप्टन मी. माहं पूर्न नाव रिंकूनं लिहिलं, मधलं बी, मी तिकडं पाहिलं नाही.


१७ ऑगस्ट, रविवार.

प्र्याक्टिस जोरात. आज एकाले पायरीवरून खाली घातला, त्याचा टोप उडाला, मंग डोस्कं. दुसऱ्याच्या आंगावर फुटनारा बाम फेकला. तो बाम भिंतीले लागून माह्याच पायात आला, ती भिंत सूरजबाईनं उभी केली होती. तिनंच मले उठवलं, पन भिंत कायले उभी केली? मी उठली, पळली, पुन्हा पडली. तिनं पुन्हा उठवलं. म्हने, "कस्तुरा, पाच सेकंद थांबत जाय ना." मी म्हनलं सूरजबाई, डुकरं वावरात घुसल्यावर आपन पाच सेकंद थांबतो का? काठी घेऊन पळतोच ना. ती म्हने डुकराजवळ बंदूक नसते. हिच्याशी बोलनंच बेकार.

जितलो. चार-दोन. पन श्रेय कोनाचं ते लाल आकडा सांगते. मी ५. सूरजबाई भोपळा.

ठरवलं: सूरजबाईले स्पर्धेआधी एक तरी खून कराले लावाचा.

वांग्याले अळी लागली. फवारनार होती पन पंप समीक्षाच्या बाबानं कुठी ठेवला कोनास ठाऊक.


२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा.

यायले बैल धुवाचे होते, मोबाइल खिशात घेऊन गेले. दिवसभर एकाले बी मारलं नाही, हात शिवशिवले. एक उंदीर मारला, घमेल्यानं. त्यात काही मजा नाही, तो परतून गोळी घालत नाही.

सकाळी बाजारात भुरीबाई मोठ्यानं म्हने, "कस्तुरे, तुह्या वांग्यात अळ्या भरल्या, बंदुकीत गोळ्या भरल्या का नाही?" चार गिऱ्हाईक हासले आन तिच्या टोपल्याकडं गेले. मी तराजूचं पारडं उचललं होतं. ठेवलं खाली. स्पर्धेत घालीन म्हनलं. सगळ्याच्या देखत, माइकवर.

पंप सापडला. गोठ्यातच होता. पन पोळ्याच्या दिवशी फवारत नाहीत.


२७ ऑगस्ट, बुधवार. गनपती बसले.

सूरजबाईनं आज सांगितलं का उद्यापासून तिचे दसलक्षनाचे, म्हनजे जैनाईच्या उपासाचे, दहा दिवस. एक टाइम जेवन, मंदिर, पोथी, आन औंदा तिनं नियम घेतला का दहा दिवस मोबाइलले हात लावाचा नाही. स्पर्धा दोन तारखेले. मंग म्हने, "बबलूले दोन शब्द सांग ना. सात तारखेनंतर ठेव म्हना, गनपती उठल्यावर झाली तरी काय. तू कॅप्टन आहे, तुहा शब्द तो पाडत नाही." आन म्हने मले बी खेळाचं आहे वं, मी कधी कोनत्या स्पर्धेत नाव देल्लं नव्हतं.

मी बरं म्हनलं.

घरी येताना इचार केला. देव जे करते ते चांगल्यासाठीच. मारत नाही, पळत नाही, लाल आकडा भोपळा. अशी बाई घेऊन लढाईले जानं म्हनजे विळा घरी ठेवून कापनीले जानं. तिच्या जागी ललिताबाई घेते. ललिताबाईची मिरची कांडाची चक्की आहे, सारा दिवस डोळ्यात तिखट जाऊन बी डोळा मिटत नाही. अशी पाहिजे.

संध्याकाळी बबलू मंडपात भेटला. सोता होऊन इचारत होता, मावशी, तारीख जमते ना सगळ्याईले, नाही तं मांगंपुढं करू. मी म्हनलं फसकलास जमते.


२८ ऑगस्ट, गुरुवार.

जैनाईचे दहा दिवस लागले. दहा दिवसाचे दहा धरम, आन दरेकाच्या समोर यायचंच नाव. आज क्षमा, तं नुसती क्षमा नाही, यायचं नाव क्षमा. उद्या यायचं नाव मार्दव. मंदिराचा स्पीकर सकाळपासून चालू. हे ओसरीत चहा पेत बसले होते. म्हने, आइक, कोनाचं नाव घेऊन राह्यले. छाती फुगवून बसले. मी म्हनलं फसकलास क्षमा, आता वावरात चला.

सूरजबाईले सांगितलं का बबलू मानला नाही. ती म्हने बरं, नशीब. मंदिरात गेली. चेहरा उतरला होता, पन ते उपासानं असन.


३१ ऑगस्ट, रविवार.

ललिताबाई एक नंबर. माह्यासंगं पळते. कोनी उठवाले नाही, कोनी पाच सेकंद थांब म्हनाले नाही, बाम फेकला तं अडवाले भिंत नाही. तीन म्याच खेळलो. पहिलीत लाल आकडा ४. दुसरीत ४. तिसरीत ४. चार राऊंड, चार मुडदे, एक बी राऊंड खाली गेला नाही. सूरजबाई होती तवा मले कधी कधी दोनच भेटत होते. आता समजलं माहा हात कोन धरून ठेवत होतं.

तीनही म्याच हारलो. पन जितनं वेगळं आन मारनं वेगळं.

रिंकू म्हने मावशी, सासूबाईशिवाय होत नाही, बबलूदादाले मी बोलून पाहू का? मी म्हनलं मोठ्या मानसाच्या मधात पडू नोको.


२ सप्टेंबर, मंगळवार. संध्याकाळी.

शांतपने लिहिते.

आज मंदिरात यायचं नाव संयमाचा दिवस होता.

मंडपात पडदा लावला होता, म्हनजे सगळ्या गावाले दिसन. पहिलीच म्याच आमची, भुरीबाईसंगं. बबलूनं माइकवर नावं घेतली. माहं पूर्न घेतलं, मधलं खनखनीत. हे मांगं उभे होते, मिशा पुसून राह्यले होते.

पहिला राऊंड. मी पळली. दाराजवळ दोघी होत्या, एकीवर गोळ्या झाडल्या, झाडल्या, झाडल्या. मले मांगून लागली. रांगाले लागली. मी म्हनलं उठवा. ललिताबाई समोर पळत होती. समीक्षा लांब. मी म्हनलं सूरजबाई, उठव. तोंडातून निंघालं. आदत. मंडपात कोनीतरी हासलं. भुरीबाई चालत आली, पळत बी नाही, चालत, आन माह्या डोस्क्यावर उभी राहून घातली.

दुसरा राऊंड तसाच. तिसरा तसाच. चौथ्यात मीच बाम फेकला आन मीच मेली. सहा मिनिटात खतम. शून्य-चार.

पन पडद्यावर आकडे आले, आन माह्या नावासमोर लाल ४. समद्या आठ जनीत सगळ्यात मोठा. भुरीबाईसमोर लाल १. मी सरळ वर गेली, बबलूच्या हातातून माइक घेतला. म्हनलं ग्रुप हारला तं हारला, चषक माहा आहे, आकडा पाहा. आन हारलो कायले ते बी सांगते. आमच्यातली एक बाई मच्छराले भेते. ऐन लढाईत देवाचं निमित्त करून पळून गेली.

मंग मले दिसलं, सूरजबाई मांगं खुर्चीवर बसली होती. पांढरी साडी, हातात मोबाइल नाही. आमची म्याच पाहाले आली होती.

बबलू माइकशिवाय बोलला, पन स्पीकरले ऐकू गेलंच. "मावशी, तारीख मी तुमालेच इचारली होती. तुमीच तं म्हनलं, फसकलास जमते."

सूरजबाई उठली नाही.

मी म्हनलं ते सोड, चषक दे. तं बबलू बोट लावून सांगते, मावशी, पांढरा मारल्याचा. लाल मेल्याचा. तुमी चारदा मेल्या. पांढरा शून्य.

सारा मंडप हासला. भुरीबाई टोपलं सांडल्यासारखी हासली. माह्या हातात मोबाइल होता. मी काही ठरवून फेकला नाही, हातातून गेला. बबलूच्या खांद्यावर लागला, तिथून स्पीकरवर, तिथून फरशीवर. काच फुटली, भेदरं फुटल्यासारखी. हे पुढं आले, तुकडे गोळा केले, रुमालात बांधले आन गेले.

चषक भुरीबाईले देल्ला.


३ सप्टेंबर, बुधवार.

रकाने त्याईनं बदलले असन. मंडळाच्या पडद्यावर काही बी दाखवता येते. लाल मेल्याचा कसा असन? मेलेला मानूस लाल असते का? पांढरा असते.

समीक्षाले इचारलं. ती म्हने, आई, मी तुले पाच तारखेलेच सांगत होती. पाच ऑगस्ट पाहिलं. लिहिलेलं आहे खरं. पन अर्धंच सांगितलं होतं तिनं.

बबलूचा खांदा सुजला. हळद पाठवली. मोबाइलबद्दल हे अवाक्षर बोलत नाहीत. जेवतात आन उठतात. मी बी बोलनार नाही. माफी तं मांगनारच नाही. मोबाइल खिशात ठेवला असता तं फुटला असता का?

दुपारी रिंकू वांगे घ्याले आली, अळी पाहून दोडके घेतले. जाताना म्हने, गेममधे सगळा इतिहास राहाते. सासूबाईनं आजलोक दोनशे अकरा वेळा लोकाईले उठवलं. मी म्हनलं बरं मंग? ती म्हने त्यातले एकशे चौऱ्यांशी वेळा तुमीच होत्या, मावशी.

मी दोडक्याचं माप कमी देल्लं. मंग बलावून पुरं केलं.


५ सप्टेंबर, शुक्रवार.

बाजार उरकला, ओट्यावर गेली. बारदाना नव्हता. फरशी गार. सूरजबाई आत पोथी वाचत होती, तिनं मान वर करून पाहिलं आन पुन्हा खाली घातली. राग नाही, काही नाही. रागावली असती तं मी बी दोन सुनावले असते. पायऱ्यावर उभीच राह्यली, पाच मिनिटं. मंग टोपलं डोक्यावर घेतलं.

चूक तिची बी आहे. मले न इचारता नियम घेतलाच कायले? ती माफी मांगन तं मी करीन. तवालोक त्या ओट्यावर पाय ठेवनार नाही. ठरलं.

फवारा मारला आज. दोन पंप. अळ्या सडासड खाली पडल्या. वांगे पहिलेच पोखरले होते.


८ सप्टेंबर, सोमवार. दुपारी.

ओट्यावर पाय ठेवनार नव्हती, पन टोपलं जड होतं, याईनं गाडीवर घेतलं आन नेमकी गाडी दुकानासमोरच लावली. न बोलता. मी बी न बोलता उतरली.

आज जैनाईचा क्षमेचा दिवस. मले ठाऊक नव्हतं. ओट्यावर दहा-बारा बाया. सूरजबाई मले पाहून पायऱ्या उतरून खाली आली. दहा दिवसात आर्धी झाली. हात जोडले आन म्हनली का वर्साभरात माह्याकून बोलन्यात, वागन्यात, मनात बी तुले काही दुखलं असन तं, आन समोर यायचं नाव, आन क्षमा.

मी मनात म्हनलं, आली ना लाइनीवर. मांगितली ना माफी. आता दोन मिनिटं थांबवून मंग करते.

तेवढ्यात ती बाजूले वळली आन भुरीबाईले तेच म्हनली. तेच शब्द, तेच हात. मंग सोमला दूधवाला आला, त्याले. मंग सोमलाच्या म्हशीकडं पाहून. मले लय राग आला. म्हशीची काय माफी? म्हशीले काय केलं हिनं?

मंग ती पुन्हा माह्यासमोर येऊन उभी राह्यली. रिंकू हळूच म्हने, मावशी, आपन बी तेच म्हनाचं असते. नाही म्हनलं तं अपुरं राहाते.

मी म्हनलं फसकलास क्षमा.

भुरीबाई फसकन हासली. सूरजबाई हासली नाही. तिनं हात खाली बी केले नाही. त्या हाताचे हाडं वर आले होते. याच हातानं एकशे चौऱ्यांशी वेळा. माहं तारीख सांगून येनं, माहं बरं म्हननं, मंडपातलं बोलनं, सगळं ऐकून बी ती माह्याचजवळ हात जोडून उभी. आन मी तिच्यासमोर एका शब्दासाठी रांगून राह्यली होती.

एकदा म्हनाचंच तं धडाक्यात, म्हनून मी मोठ्यानं म्हनलं.

"उत्तम क्षमा."

सत्तावीस वर्सं.

रस्त्यावर हे गाडीले किक मारत होते. पाय तसाच वर राह्यला. म्हने, "काय वं?"

हे माह्याकडं पाहात राह्यले, डोळे भरून आले असं वाटलं, धूळ बी असन. मंग म्हने, "जाऊ दे. केली माफ. काच नवी बसवू."

आन गेले.

सूरजबाई आत गेली आन बारदान्याची घडी घेऊन आली. टाकली. मी बसली. ती म्हने, "लाव मंग एक. रिंकूच्या मोबाइलवर." लावली. मी पाच सेकंद थांबाचं ठरवलं होतं. तीन थांबली. मंग पळली. पडली. सूरजबाई आली.


९ सप्टेंबर, मंगळवार.

हे सकाळपासून गावभर सांगून राह्यले का बायकोनं चारचौघात नाव घेऊन माफी मांगितली. बबलूच्या मंडपात सांगितलं, चक्कीवर ललिताबाईले सांगितलं, बाजारात भुरीबाईले सांगितलं, जशी ती तिथी नव्हतीच. सोमला म्हने नुसतं नाव घेतलं, राव बी लावलं नाही.

ती माफी यायची नव्हती. सूरजबाईची होती. हे मी गावाले ठनकावून सांगनार आहे, दारोदार जाऊन.

पन सांगाचं तं काय म्हनलं होतं ते पहिले सांगा लागन. आन ते सांगाचं तं तो शब्द पुन्हा म्हना लागन.

लाल आकडा: ५.